फोर्कलिफ्टवाल्या मामांचं लायसन्स

आमच्या कंपनीत ऑडिट येणार हे कळायला नोटीस बोर्ड वाचावा लागत नसे. पिवळ्या रंगाचा वास यायचा. माणसांनी कुठून चालायचं आणि गाड्यांनी कुठून जायचं हे सांगणारे जमिनीवरचे पट्टे वर्षभर पुसट होत जायचे, आणि परदेशी ग्राहकाची माणसं येणार असं ठरलं की दोन दिवसांत लख्ख व्हायचे. ओल्या रंगावर पाय पडू नये म्हणून ते दोन दिवस सगळे पट्ट्यांच्या बाहेरून, म्हणजे नेमकं जिथून चालू नये तिथून चालायचे. सुरक्षेसाठी माणसं इतकी धोक्यात घातलेली मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

चाकणच्या एमआयडीसीत मोटारींचे सुटे भाग करणारी कंपनी. तिथं मी टाइम ऑफिसात होतो. हजेरी, रजा, ओव्हरटाइम आणि ज्या कागदांना कोणी वाली नाही ते सगळे कागद माझ्या टेबलावर. सकाळी रहाटणीहून कंपनीची बस पकडायची, जाताना पुस्तक वाचायचं, येताना झोपायचं. निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, कामाची आठवण येते का? कामाची येत नाही. मामांच्या फोर्कलिफ्टच्या रिव्हर्स हॉर्नची येते. आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी मागे येताना तसाच टिंग-टिंग आवाज करते, आणि हातातलं वर्तमानपत्र नकळत खाली येतं.

मामा म्हणजे डिस्पॅचचे, माल ट्रकमध्ये चढवून पाठवणाऱ्या विभागाचे, फोर्कलिफ्ट ऑपरेटर. कोणाचे सख्खे मामा होते कोण जाणे, कंपनीत सगळ्यांचेच होते. जवळच्याच गावचे. डिस्पॅचची शेड जिथं उभी आहे तिथं त्यांच्या घरचा हरभरा असायचा. जमीन गेली, घरातल्या एकाला नोकरी मिळाली, तो एक म्हणजे मामा. पहिली फोर्कलिफ्ट आली तेव्हा तिच्याबरोबर आलेल्या मेकॅनिकने चार दिवस शिकवलं, आणि पुढे सव्वीस वर्षं मामा तिच्यावरून, तिच्यानंतर आलेल्या दुसरीवरून आणि तिसरीवरून उतरले नाहीत. त्यांचा हात कसा होता हे सांगायचं तर, एकदा खोक्यांच्या थप्पीवर कोणीतरी चहाचा भरलेला पेला विसरला. मामांनी गाडीच्या पुढच्या लोखंडी काट्यांवर ती थप्पी उचलली, वळवली, उताराच्या फळीवरून ट्रकमध्ये नेऊन ठेवली. पेलेवाला मग ट्रकमध्ये चढला आणि तिथं उभा राहून चहा प्याला. चहा निवला होता, एवढीच तक्रार.

ही गोष्ट माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांतली. ग्राहकाने ऑडिटच्या आधी एक लांबलचक यादी पाठवली आणि तिच्यात एक ओळ नवी होती: फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याकडे वैध वाहन परवाना असावा, किमान हलक्या मोटार वाहनाचा. आमचा सेफ्टी ऑफिसर नवा होता, तिशीतला, मनापासून काम करणारा. कँटीनमध्येही हेल्मेट घालून जेवायचा. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, चार ऑपरेटर आहेत. कॉन्ट्रॅक्टवाल्या तिघांची लायसन्स मिळाली. मामांचं तेवढं घ्या."

मी मामांना बोलावलं. ते दुसऱ्या दिवशी दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली एक छोटी पुस्तिका घेऊन आले.

"हे घ्या. लायसन हाय की माझ्याकडं. कोन म्हनतं न्हाई?"

पुस्तिका उघडली. आत चिकटवलेल्या फोटोत काळ्याभोर मिशांचा, कॅमेऱ्यावर रागावलेला एक तरुण होता. त्याच्या अर्ध्या गालावर सरकारी शिक्का. पुस्तिकेचा कागद इतका मऊ झाला होता की धरताना रुमाल धरल्यासारखं वाटलं. हल्लीचं कार्ड हातात घेऊन कोणाला काही वाटत असेल असं मला वाटत नाही.

"मामा, हे मोटारसायकलचं आहे."

"मंग?"

"फोर्कलिफ्टला चालत नाही. निदान चारचाकीचं लागतं."

"सायेब, लायसन ते लायसन. त्यात काय आनि जातपात असती?"

असते, हे मला तरी कुठे नीट माहीत होतं? मी संगणकावर परिवहन खात्याचं पोर्टल उघडलं आणि प्रकारांची यादी समोर आली. बिनगिअरची दुचाकी, गिअरची दुचाकी, हलकं मोटार वाहन, रिक्षा, मालवाहू, प्रवासी, जड, ट्रॅक्टर, रोड रोलर, क्रेन. प्रत्येकाला एकेक इंग्रजी आद्याक्षरांचं टोपणनाव. एवढे प्रकार मी लग्नाच्या पंगतीतही पाहिले नव्हते. मामा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

मी म्हणालो, "हे रेशन कार्डासारखं आहे बघा. कार्ड घरात एकच, पण त्यावर ज्यांची नावं त्यांनाच धान्य. तुमच्या कार्डावर एकट्या मोटारसायकलचं नाव आहे."

"म्हंजे फोर्कलिफ्ट सव्वीस वर्सं उपाशी हिंडतीय म्हना की."

"आणि अजून एक आहे. याची मुदत तुमच्या पन्नाशीला संपली. साडेसहा वर्षं झाली."

मामांनी फोटोवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "गेल्या साली हवालदारानं मोशीला आडवलं हुतं. त्यानं उगडून बगितलं आन म्हनला, फोटू झकास हाय."

मुदत संपून इतकी वर्षं गेल्यावर नुसतं नूतनीकरण होत नव्हतं. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून: लर्निंग, मग महिनाभर थांबायचं, मग गाडी चालवून दाखवायची, तेव्हा पक्कं. सेफ्टी ऑफिसरला मी हे सांगितलं. त्याने हेल्मेट काढून डोकं पुसलं. ऑडिटला दोन महिने होते. तोवर लायसन्स आलं तर मामा पुन्हा गाडीवर, नाही आलं तर ती जागा कॉन्ट्रॅक्टकडे जाणार, असं वरून ठरलं. आणि तोपर्यंत मामांनी गाडीला हात लावायचा नाही. त्यांना पॅकिंगमध्ये लेबलं चिकटवायला बसवलं.

संध्याकाळी बसपाशी मामांनी मला गाठलं. "दीड वर्स ऱ्हायलंय सायेब माजं. लेबलं चिटकवत रिटायर व्हायचं न्हाई मला. गाडीवर बसून व्हायचं. तेवडं बगा."

एवढंच बोलले. मी बघतो म्हणालो, आणि त्यांना धीर यावा म्हणून माझाही अर्ज भरायचं कबूल करून बसलो. माझ्याकडेही स्कूटरचंच लायसन्स होतं. चारचाकी शिकायची हे मी वीस वर्षं ठरवत होतो. त्या निमित्ताने मोटारींवरची दोन पुस्तकं वाचून झाली होती, तेवढीच प्रगती.

अर्ज घरबसल्या भरता येतो असं पोर्टल म्हणत होतं. आम्ही ऑफिसात बसून भरला. मामांचं आधार कार्ड टाकलं की त्यांच्या मोबाइलवर एक आकडा येणार होता, तो दहा मिनिटांत टाकायचा. मामांचा मोबाइल ढिम्म. मग कळलं, आधारला नंबर जोडलाय तो त्यांच्या लेकीचा, आणि ती देहूरोडला सासरी. मामांनी फोन लावला. फोनचा आवाज असा की टाइम ऑफिसातल्या सगळ्यांनी ऐकावा.

"पोरी, तुज्या फोनवर एक आकडा आला आसंल. सांग बरं."

"दादा, तो ओटीपी असतो. तो कोणालाच सांगायचा नसतो."

"आगं मी तुजा बाप हाय!"

"बँकवाल्या बाईंनी सांगितलंय, बाप जरी म्हणाला तरी सांगायचा नाही."

"बाईला म्हनावं बाप समूर बसलाय, लायसन काडतोय."

"तुम्ही? आता? या वयात कशाचं लायसन्स?"

एवढ्यात दहा मिनिटं संपली. तिसऱ्या खेपेला, मी फोन घेऊन माझं नाव-गाव-हुद्दा सांगितल्यावर, तिने आकडा दिला. तोही एकेक अंक मध्ये थांबून, जणू दागिने उतरवून देतेय.

चाळिशीच्या पुढच्या माणसाला डॉक्टरचा दाखला लागतो. त्याच्यावर प्रश्न आहेत: दृष्टी, रंग ओळखता येतात का, ऐकू येतं का. कंपनीच्या पॅनेलवरच्या डॉक्टरांनी मामांना भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. मामांनी खालची सगळ्यात बारीक ओळ वाचली आणि शिवाय कॅलेंडरवरची छपाई करणाऱ्या दुकानाची ओळ वाचून दाखवली. डॉक्टरांनी मग माझी नजर तपासली आणि माझ्या फॉर्मवर चष्मा लिहिला.

लर्निंगची परीक्षा आम्ही आरटीओत जाऊन दिली. पडद्यावर एकेक प्रश्न येतो, खाली पर्याय, वर सेकंद उलटे पळत असतात. त्या प्रश्नांचं मराठी मी आधी कुठं वाचलेलं नव्हतं. एक वाक्य कुठे संपतं हे शोधताना माझे निम्मे सेकंद गेले, आणि पुढे पुढे मी ज्या पर्यायाचं मराठी त्यातल्या त्यात बरं वाटेल तो निवडू लागलो. मी नापास झालो. मामा पास.

बाहेर आल्यावर ते माझ्याकडे बघून जरा ओशाळले. म्हणाले, "तुमी लई वाचलं सायेब. मी निस्ती चित्रं बगितली."

मी पुढच्या आठवड्यात चित्रं बघितली आणि पास झालो.

ड्रायव्हिंग स्कूल चाकण चौकाजवळचं. शिकवणारे मास्तर लातूरकडचे. उंच, किडकिडीत, आवाज मात्र मोठा. पांढरी छोटी गाडी, तिच्यात मास्तरांच्या पायाखाली एक जादा ब्रेक. पहिल्या दिवशी त्यांनी मामांना विचारलं, "याआधी काय चालवलाव?" मामा म्हणाले, "फोर्कलिफ्ट. सव्वीस वर्सं." मास्तर खूश झाले. "मग काय, तुम्हाला कशाला शिकवायचं? बसा."

मामा बसले. डाव्या हाताचा तळवा स्टेअरिंगवर आपोआप एका जागी जाऊन थांबला आणि तिथं काही नव्हतं. फोर्कलिफ्टच्या स्टेअरिंगवर एक गोल मूठ असते, ती धरून एका हाताने चाक फिरवतात. उजवा हात मोकळा राहतो, कारण उजवीकडे काटे वर-खाली करायच्या दांड्या असतात. मामांचा उजवा हात सारखा त्या दांड्या शोधत दाराशी जायचा आणि काच खाली व्हायची. प्रत्येक कोपऱ्यावर, समोर चिटपाखरू नसताना, मामा हॉर्न वाजवायचे. शेडमध्ये रॅकच्या कोपऱ्यावर हॉर्न वाजवायचा नियम होता. तो कंपनीत मामांशिवाय कोणी पाळलेला मला आठवत नाही.

हे सगळं चार दिवसांत सुटलं असतं. खरी अडचण वळणावर होती. मास्तरांनी मैदानात प्लॅस्टिकच्या लाल टोप्या मांडल्या होत्या. मामा त्यांच्या अगदी जवळून, अगदी सफाईने वळायचे आणि मागचं चाक टोपीवरून जायचं. दरवेळी. वर वळताना मामा समोर न बघता मान मागे टाकून दुसऱ्या बाजूला बघायचे.

"काय करलालाव मामा? रस्ता पुढं हाय, तुम्ही मागं कामून बघलालाव?"

"मागला भाग कुटं लागंल का बगतुय."

"मागला भाग कुठं जाणार हाय? पुढल्याच्या मागंच येणार की त्यो!"

तिथंच घोळ होता, पण त्या दिवशी आमच्या कोणाच्या ध्यानात आला नाही. फोर्कलिफ्टची वळणारी चाकं मागे असतात. पुढची सरळच राहतात, मागचा जड भाग झाडूसारखा बाहेर फिरतो. म्हणून तिच्यावरचा माणूस कोपऱ्याला खेटून वळतो आणि शेपटीवर नजर ठेवतो. कारचं बरोबर उलट: वळतात ती पुढची चाकं, आणि मागची आत कापत येतात. मामांचे हात जी गाडी वळवत होते ती मैदानात नव्हतीच.

आणि गंमत अशी की तीच कार रिव्हर्समध्ये टाकली की मामा पालटायचे. अंग अर्धं फिरवून, एक हात सीटच्या पाठीवर टाकून, ते ती गाडी दोन टोप्यांच्या मधून अशी मागे आणायचे की मास्तर ब्रेकवरचा पाय काढून घ्यायचे. "अहो, लोक सहा-सहा महिने रिव्हर्स शिकलालेत," ते म्हणाले. "तुम्ही जाताना गाडी मोडाय निघालाव अन् येताना फुलासारखी आणलालाव. ही कुठली विद्या म्हणावं?"

माझाही महिना भरला. टेस्टच्या दिवशी सकाळी ट्रॅकवर आमचे दोघांचे नंबर लागोपाठ होते. मी कारकुनासारखी गाडी चालवली. कुठे चुकलो नाही, कारण कुठे काही केलंच नाही. इन्स्पेक्टर "ठीक" म्हणाले आणि मी पास झालो. त्यानंतर आजपर्यंत मी कार फारतर चार वेळा चालवली असेल, आणि चारही वेळा शेजारी बसलेल्यांनी देवाचं नाव घेतलं.

मामा पहिल्याच वळणाला टोपीवरून गेले. दुसऱ्या वळणाला दुसरी. रिव्हर्सचा भाग आला तेव्हा बाकीचे उमेदवार बघत उभे राहिले, इतका तो देखणा झाला. इन्स्पेक्टर चांगले गृहस्थ होते. खाली वाकून खिडकीतून म्हणाले, "काका, रिव्हर्स असा मी फार दिवसांत पाहिला नाही. पण लोकांना रस्त्यावर पुढे जायचं असतं. आठवड्याने परत या."

परत येताना मामा टपरीवर थांबले. चहा घेतला, तो अर्धा ठेवला. दुसऱ्या दिवशी मी पॅकिंगमध्ये गेलो तर ते लेबलं चिकटवत होते. त्यांची बोटं जाड, लेबलं इवलीशी. प्रत्येक लेबल जरासं तिरकं बसायचं आणि सुपरवायझर काही न बोलता सरळ करायचा. पलीकडे डिस्पॅचमध्ये कॉन्ट्रॅक्टचा ऑपरेटर माल चढवत होता. मालाखालची लाकडी पॅलेट जमिनीवर जरा जोरात टेकली की मामांची मान वर यायची. थोडा वेळ तशीच राहायची, मग खाली. मी टाइम ऑफिसात येऊन बसलो. माझं नवं लायसन्स मंजूर झाल्याचा मेसेज फोनवर आला होता. तो त्या दिवशी मी कोणाला दाखवला नाही.

आमच्या भागात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. रविवारी जग आराम करतं तेव्हा आम्ही मशीनवर, आणि गुरुवारी एमआयडीसीचे रुंद रस्ते इतके रिकामे की त्यावर कुत्री मधोमध झोपलेली. ते गुरुवार मला अजून आठवतात. कुठलाही भोंगा नाही, गेटवर वॉचमन खुर्ची उन्हात ओढून बसलेला, आणि कधी नव्हे ती पाखरं ऐकू येतात. दुसऱ्या टेस्टच्या आधीच्या गुरुवारी मास्तर गाडी घेऊन तिथंच आले. मीही गेलो. मामी, म्हणजे मामांच्या पत्नी, मागच्या सीटवर माझ्या शेजारी येऊन बसल्या. टेस्टपासून नवरा घरात बोलत नाही, हा करतो तरी काय हे बघायला आल्या होत्या.

मास्तरांनी चौकात टोप्या मांडल्या. मामा गेले, टोपी गेली. पुन्हा गेले, पुन्हा गेली. मामी खिडकीतून मागे वळून प्रत्येक आडवी टोपी बघत होत्या. मग मास्तर थकून म्हणाले, "जाऊ द्या. जरा रिव्हर्स घ्या, मन रमवा." मामांनी गाडी त्याच टोप्यांमधून त्याच वळणावरून मागे आणली. एकही हलली नाही.

मामी म्हणाल्या, "आत्ता कशी आली वो?"

"उलटी आली. उलटी येती मला. म्होरं जाताना येत न्हाई."

"आख्खा जलम उलटं जान्यात गेला तुमचा," मामी म्हणाल्या. "मंग म्होरं जाताना बी उलटंच चाललूय आसं समजा की! कोन इचारतंय तुमाला?"

मास्तर हसले. मीही हसलो. मामा हसले नाहीत. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून ते समोरच्या काचेतून बघत बसले.  मग अर्धवट स्वतःशीच बोलू लागले, "उंच माल आसला की म्होरचं दिसत न्हाई. तवा आमी गाडी उलटी घेतो. वळती चाकं मंग म्होरं... आन काटं मागं..."

"काय म्हणलालाव?" मास्तर म्हणाले.

"ही गाडी म्हंजे उंच मालाची खेप हाय, मास्तर. माल माज्या पाटीमागं. चला."

ते निघाले. वळणाशी आल्यावर नेहमीसारखे कोपऱ्याला खेटले नाहीत. रुंद गेले, मागच्या सीटवर आम्ही दोघं म्हणजे उंचच उंच खोकी असल्यासारखे, मागचं चाक आत येईल याला जागा ठेवून वळले. टोपी उभी. दुसरी उभी. आठाच्या आकड्यात गाडी दोनदा फिरली आणि चारही चाकं टोप्यांपासून वीतभर लांब राहिली. मास्तरांनी शेवटी दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत हे मी पहिल्यांदा पाहिलं. मामी म्हणाल्या, "झालं न्हवं? मंग आता बाजारात सोडा मला. मेथी संपंल."

पुढच्या टेस्टला मामा पास झाले. इन्स्पेक्टर तेच होते. त्यांनी विचारलं, "काका, आठवड्यात असं काय केलंत?" मामा म्हणाले, "बायकू मागं बसवली." इन्स्पेक्टरांनी जास्त चौकशी केली नाही.

लायसन्स मंजूर झालं, सेफ्टी ऑफिसरने त्याची रंगीत प्रत काढून फाइलला लावली, आणि ऑडिटच्या दोन दिवस आधी, ओल्या पिवळ्या पट्ट्यांच्या बाहेरून जात, मामा परत आपल्या गाडीवर चढले. डिस्पॅचमधल्या लोकांनी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. कॉन्ट्रॅक्टच्या ऑपरेटरने फक्त सीटवरचं आपलं फडकं उचलून घेतलं. मामा ते दोन दिवस आणि ऑडिटचा दिवस सावकाश चालवत होते. परदेशी पाहुण्यांनी फाइलमधल्या मामांच्या लायसन्सवर दोन सेकंद नजर टाकली आणि पिवळ्या पट्ट्यांचे मात्र सहा फोटो काढले. संध्याकाळी सगळ्यांना पेढे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मामांची गाडी रॅकला लागली.

लागली म्हणजे घासली. रॅकच्या एका खांबाचा निळा रंग हातभर निघाला आणि आवाज आला. आवाज मोठा नव्हता, पण डिस्पॅचमधलं सगळं काम थांबलं, कारण त्या गाडीचा असा आवाज तिथं कोणी कधी ऐकला नव्हता. मी गेलो तेव्हा मामा खाली उतरून खांबावरून हात फिरवत होते. शेपूट बाहेर फिरते याचा हिशेब हाताने धरलाच नव्हता.

"हात कारचा झालाय माजा," ते म्हणाले. एवढंच.

सेफ्टी ऑफिसर धावत आला. त्याने खांब बघितला, आजूबाजूला बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मामा, किरकोळ आहे. निळा रंग आहे स्टोअरमध्ये. सर, याचं काही लिहायला नको. कालच ऑडिट झालंय."

"न्हाई. लिवा," मामा म्हणाले.

"मामा, लिहिलं तर चौकशी लागते. तुम्हाला पुन्हा खाली बसवतील कदाचित. आणि गेटवरचा बोर्ड..." गेटवर एक बोर्ड होता, अपघाताविना गेलेले दिवस त्यावर रोज बदलून लावायचे. "चारशेच्या वर गेलाय तो. शून्यावर येईल."

"यिऊ द्या की. उद्या एक हुईल."

सेफ्टी ऑफिसर माझ्याकडे बघत राहिला.  दोन महिने ज्याच्यासाठी धडपड केली ती सीट मामा एका कागदावर मांडत होते, आणि त्यांना ते कळत नव्हतं असं नाही. ते माझ्याआधी टाइम ऑफिसकडे चालू लागले.

फॉर्म काढला. तारीख, वेळ, जागा. ऑपरेटरकडे वैध लायसन्स आहे का, हो की नाही. मी 'हो'वर खूण केली. सव्वीस वर्षांत मामांच्या नावाचा हा पहिला फॉर्म. शेवटचा रकाना होता: पुन्हा असं घडू नये म्हणून करायचे उपाय. तिथं सहसा प्रशिक्षण, प्रबोधन असे शब्द जातात. मी पेन टेकवून थांबलो.

"काय लिहू मामा?"

मामांनी खुर्ची जवळ ओढली आणि सांगितलं, "लिवा, पंधरा दिवस कारला हात लावनार न्हाई."

मी तसंच लिहिलं. सेफ्टी ऑफिसरने ते दोनदा वाचलं, वरच्या साहेबांना फोन लावला, "नाही सर, माणसाला काही नाही झालं," असं तीन वेळा म्हणाला, आणि शेवटी सही केली. चौकशी त्या सहीपाशीच संपली. मामांनी टेबलावरचं आपलं हेल्मेट उचललं. बाहेर दोन ट्रक लागले होते.

थोड्या वेळाने डिस्पॅचमधून रिव्हर्स हॉर्न सुरू झाला.